गावाकडून बर्गर खायला जाताना

बर्गर आपल्याकडे नवा राहिलेला नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, कोणत्याही तालुक्याच्या चौकात संध्याकाळी एक तरी गाडी लागते. तव्यावर बटर लावून शेकलेला पाव, आत आलूची टिक्की, पत्ताकोबी, कांदा, टमाट्याची चकती, वरून लाल सॉस आणि पांढरं मेयोनीज. तो कसा खायचा हे कुणाला सांगावं लागत नाही. मी लिहितेय ते दुसऱ्या बर्गरबद्दल. नागपूर-अमरावतीत काचेचा दरवाजा असतो, आत एसी आणि मंद दिवे असतात, मेनूवर ओळखीचं एकही नाव नसतं, आणि ताटात येतो तो वीतभर उंच, दोन-दोन पॅटींचा, चीज ओघळणारा बर्गर. सोबत फ्राइजची टोपली आणि चमच्यानं खावा इतका घट्ट शेक.

दोन वर्षांपूर्वी कापसाचे पैसे हाती आल्यावर आम्ही सगळे बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरला गेलो होतो. दुपारी भाच्यानं बर्गरचा हट्ट धरला. बाबा दारापाशीच थांबले. म्हणाले, "तुमी खाऊन या, मी अठीच बसतो." त्यांना भूक होती, पैसेही त्यांच्याच खिशात होते. फक्त आतल्या चालीरीती माहीत नव्हत्या आणि चारचौघांत चुकायचं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आत नेलं. तेव्हापासून गावातली चार-पाच घरं मला विचारून जाऊन आली. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. आत जे काही करावं लागतं ते तुम्हाला आधीच येतं: हातानं खाणं, न समजलेलं विचारून घेणं आणि आणलेलं वाटून खाणं. बाकी आहेत ती फक्त नावं.

हा पदार्थ कुठचा

नाव आलं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. तिकडून अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर खिम्याची चपटी वडी गेली आणि पुढे अमेरिकेत ती पावात बसली. १९२१मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल हे दुकान सुरू झालं आणि पाच सेंटला एक असे लहान चौकोनी बर्गर विकू लागलं. दुकानांची साखळी तिथून वाढली. हॅम्बर्गर या शब्दात 'हॅम' ऐकून काही जण दचकतात, कारण हॅम म्हणजे डुकराचं मांस. इथे त्याचा संबंध नाही, तो गावाच्या नावाचा तुकडा आहे.

अमेरिकेत मात्र साधा हॅम्बर्गर म्हटलं की गोमांसच असतं. हे ऐकूनच आपल्याकडची वयस्कर माणसं आत यायला कचरतात, म्हणून स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर जुनी बंदी आहे आणि मार्च २०१५पासून बैल आणि वळूंनाही ती लागू झाली. त्यामुळे आपल्याकडे पॅटी चिकनची, मटणाची, माशाची किंवा शाकाहारी असते. मॅकडोनाल्ड्सनं १९९६मध्ये भारतात दुकान उघडलं तेव्हाच गाय आणि डुक्कर दोन्ही मेनूबाहेर ठेवले होते. म्हशीचं मांस कायद्याच्या बंदीत येत नाही, ते एखाद्या मेनूवर 'बफ' या नावानं असू शकतं. शंका आली की ऑर्डर द्यायच्या आधी विचारायचं. मुस्लिम घरातल्या माझ्या मैत्रिणी 'हलाल आहे का' हेही विचारून घेतात आणि तिथली माणसं सरळ उत्तर देतात.

निघायच्या आधी

दिवस हिवाळ्यातला निवडा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यात चीज, तळण आणि शेक पोटात घेऊन परतीच्या गाडीत बसणं जिवावर येतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस चांगले. बस्ता, दवाखाना, मुलांचं कॉलेज अशा कामाला जाणं होणारच असतं, त्यालाच हे जोडून घ्या.

सकाळी निघताना घरी पोटभर भाकर नको, आणि नागपुरात उतरल्या-उतरल्या तर्री पोह्यांची प्लेटही नको. तर्री पोहे मला जिवापाड आवडतात, पण त्या दिवशी नाही. एक केळं, चहा-बिस्कीट एवढंच. तरी अगदी उपाशी राहून जाऊ नका. रिकाम्या पोटी माणूस मेनूवरचं सगळं मागवतो आणि अर्ध्यात हात टेकतो. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास पोचलात तर गर्दी कमी असते आणि खाल्लेलं जिरवायला संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. जागेसाठी उभं राहावं लागतं आणि वाढणाऱ्या मुलांना तुमच्याशी चार शब्द बोलायला फुरसत नसते.

एसटीनं जात असाल तर आधार कार्ड सोबत ठेवा. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून तिकीटच नाही. आजीला घरी ठेवायचं कारण त्यामुळे उरत नाही. पैसे फोनवरून देता येतात, पण रेंज गेली तर खोळंबा होतो, म्हणून थोडे रोख जवळ असू द्या.

कपड्यांचं विचारतात सगळे. धोतर, टोपी, नऊवारी लुगडं, काहीही चालतं. फक्त पांढऱ्या शर्टावर सॉस सांडला तर डाग निघत नाही, म्हणून मी भाच्याला गडद रंगाचं घालून नेते.

दारातून आत

आत शिरल्यावर आधी एक गोष्ट पाहायची: लोक काउंटरपाशी उभे राहून मागवतायत, की टेबलावर बसून?

काउंटर असेल तर तिथे आधी पैसे आणि मग खाणं. ऑर्डर सांगायची, बिल चुकवायचं, पावतीवर एक नंबर मिळतो. तो नंबर वर टीव्हीसारख्या पडद्यावर झळकला किंवा मोठ्यानं पुकारला की ट्रे उचलून आणायचा. काही ठिकाणी माणसाऐवजी मोठा स्क्रीन असतो, त्यावर बोट लावून चित्रं निवडायची. तो जमत नसेल तर सरळ काउंटरच्या मुलाकडे जा, तो तोंडी ऑर्डर घेतो. तिथे हमखास एक प्रश्न येतो, "इथेच खाणार की पार्सल?" आणि दुसरा, "मील करू का?" मील किंवा कॉम्बो म्हणजे बर्गरसोबत फ्राइज आणि कोल्ड्रिंक, मिळून एका दरात. "मोठं करू का?" असंही विचारतात, त्यात फ्राइज आणि कोल्ड्रिंक वाढतं, बर्गर तेवढाच राहतो, आणि पैसे वाढतात. पहिल्या वेळी नाही म्हणा.

टेबलाची पद्धत आपल्या खानावळीसारखी: बसायचं, मेनू मागायचा, खायचं, शेवटी बिल. टेबलावर नुसता काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असेल तर तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला की मेनू फोनवर उघडतो. नसेल जमत तर "कागदाचा मेनू द्या" म्हणा. बहुतेक ठिकाणी असतो, आणि नसला तर वाचून दाखवायला सांगा.

मराठीतच बोला. ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना समजा. आमच्या टेबलावर आलेला मुलगा आधी इंग्रजीत बोलला, मग हिंदीत. बाबांनी विचारलं, "तू कुठचा रे बाप्पा?" तो म्हणाला, "आर्वीचा, काका." पुढचा पाऊण तास त्यानं आमची अशी सरबराई केली की काय सांगू. कोणत्या बर्गरला मेयोनीज जास्त, कोणता दोघांत पुरेल, कोणता घेऊ नका, सगळं त्यानंच सांगितलं. या दुकानांच्या भटारखान्यात आणि काउंटरमागे उभी असलेली कितीतरी पोरं वर्धा, भंडारा, गोंदियाकडच्या गावांतली असतात. तुम्ही मराठी बोललात की त्यांचाही जीव मोकळा होतो.

बसायच्या आधी हात साबणानं धुवून या. वॉशरूम कुठे ते विचारा. बेसिन तिथेच असतं.

मेनूवरची नावं

इथे थोडं थांबून वाचा, कारण अडचण इथेच येते.

पॅटी म्हणजे मधली चपटी वडी. 'ग्रिल्ड' लिहिलं असेल तर ती जाळीवर किंवा तव्यावर भाजलेली, 'क्रिस्पी' म्हणजे चुऱ्यात घोळून तळलेली. 'स्मॅश' म्हणजे खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर उलथन्यानं दाबून पातळ केलेला. त्याच्या कडा करपट-कुरकुरीत होतात आणि भाकरीच्या खरपुडीसारखी चव येते. मला तोच सर्वांत आवडतो. 'डबल' म्हणजे दोन पॅटी, 'ट्रिपल' म्हणजे तीन. अमेरिकेत 'क्वार्टर पाउंड' असं वजन सांगतात, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम कच्चा खिमा. असे दोन थर म्हणजे जवळजवळ पाव किलो मटण एकट्या माणसानं एका बैठकीत खायचं, वर पाव, चीज, फ्राइज वेगळे. आपल्या घरी पाव किलोत दोघा-तिघांचा रस्सा होतो, यावरून अंदाज घ्या.

'स्लायडर' हा शब्द लक्षात ठेवा. हे दोन-तीन घासांचे छोटे बर्गर, बहुधा प्लेटीत दोन किंवा तीन येतात. लेकरांना, म्हाताऱ्यांना आणि पहिल्यांदा चव घेणाऱ्यांना याहून चांगलं काही नाही.

पावाला तिथे बन म्हणतात. 'ब्रियोश बन' असेल तर तो मऊ, किंचित गोड असतो; मूळ फ्रेंच पद्धतीत त्यात लोणी आणि अंडी पडतात.

आता आतलं सामान. लेट्यूस हे कच्चं पान, पत्ताकोबीपेक्षा पातळ आणि पाणीदार. पिकल म्हणजे शिरक्यात मुरवलेली लहान काकडी. आंबट लागते, आणि एवढ्या तुपकट घासाला तीच तोडते, म्हणून काढून टाकू नका. हॅलपीनो ही मेक्सिकोची मिरची. भिवापुरी मिरची खाणाऱ्याला ती फिकी वाटेल, पण आंबटपणासाठी घ्यावी. बार्बेक्यू सॉस गोड-आंबट आणि धुराच्या वासाचा. मस्टर्ड म्हणजे मोहरीची चटणी, नाकात जाते. मेयोनीज म्हणजे तेल फेसून केलेली पांढरी मलई. 'बेकन' दिसलं तर ते बहुधा डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पट्ट्या. चिकनचंही निघतं, म्हणून विचारा. 'लोडेड फ्राइज' म्हणजे तळलेल्या आलूच्या काड्यांवर चीज, सॉस आणि कधी खिमाही. हा पदार्थ नाश्ता समजून मागवू नका, तो स्वतःच जेवण आहे.

चवीबद्दल आधीच सांगून ठेवते. हे खाणं तिखट नसतं. सावजी मटणाला चटावलेली जीभ पहिल्या घासाला म्हणते, यात काहीच नाही. बाबाही म्हणाले, "मीठ-मिरची इसरला वाटते." इथली मजा भाजलेल्या मांसाचा खमंगपणा, वितळलेल्या चीजचा खारटपणा, पावाचा गोडवा आणि पिकलचा आंबटपणा एकाच घासात येण्यात आहे. सावजीशी तोलायचं सोडलं की तिसऱ्या-चौथ्या घासाला चव उलगडते. तरी तिखट हवंच असेल तर लाल मिरचीचे तुकडे म्हणजे चिली फ्लेक्स मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

साखळीची दुकानं, म्हणजे ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहायच्या असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२२मध्ये लागू झाला. ढोबळ हिशेब म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. घरात साखरेचा किंवा बीपीचा त्रास असलेलं कुणी असेल तर ते आकडे वाचा. त्यांच्यासाठी शेक आणि लोडेड फ्राइज बाजूला ठेवा, साधा ग्रिल्ड बर्गर अर्धा द्या आणि गोळीची वेळ पाळा.

माळकऱ्यांसाठी

माझी आई माळकरी आहे, दरवर्षी शेगावची वारी करते. तिला आत नेणं मला सर्वांत अवघड गेलं, आणि त्यात मी जे शिकले ते नीट सांगते.

मेनूवर चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराची खूण आधी तपकिरी गोल होती, नव्या नियमांत तपकिरी त्रिकोण आला. जुन्या मेनूवर अजून गोल दिसतो. पण ठिपका पदार्थापुरता असतो, तवा आणि तेल यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. म्हणून तीन प्रश्न विचारायचे. फ्राइज आणि व्हेज पॅटी तळायचं तेल वेगळं आहे का? पाव शेकायचा तवा वेगळा आहे का? मेयोनीज आणि बन बिनअंड्याचे आहेत का? भारतात बिनअंड्याचं मेयोनीज खूप चालतं, त्यामुळे तिसऱ्याचं उत्तर अनेकदा हो येतं. पहिल्या दोनांचं उत्तर अडखळत आलं तर तिथे फक्त बाटलीबंद पेय घ्या आणि आईला दुसरीकडे जेवू घाला. खूप आग्रह करू नका. तिनं आयुष्यभर जपलेली गोष्ट एका दुपारच्या कौतुकासाठी मोडायला लावणं मला बरं वाटत नाही.

व्हेज बर्गरमध्ये आलू टिक्की, पनीर, मशरूम, राजमा यांच्या पॅटी असतात. पनीरचा जाड तुकडा तळून घातलेला आईला आवडला. एकादशी, श्रावण सोमवार या दिवशी जाऊच नका. कांदा-लसूण टाळणाऱ्यांना इथे फारसं काही मिळत नाही, कारण सॉसमध्ये लसूण असतोच.

किती मागवायचं

पाच माणसांना पाच बर्गर मागवले की चुकलं. आम्ही पहिल्या वेळी तसंच केलं आणि अडीच बर्गर टेबलावर राहिले. ज्या घरात ताटात शीत टाकत नाहीत, तिथल्या माणसांना ते पाहवेना.

आता आम्ही पाच जणांत तीन बर्गर घेतो: एक स्मॅश, एक क्रिस्पी चिकन, एक पनीरचा. एक मोठे फ्राइज, एक शेक, दोन रिकामे ग्लास जास्तीचे. ऑर्डर देतानाच सांगायचं, "प्रत्येकाचे दोन भाग करून आणा." कुणी नाही म्हणत नाही. चव घेऊन झाली आणि भूक राहिली तर अजून एक मागवता येतो, दहा-पंधरा मिनिटांत येतो. 'चॅलेंज' नावाचा प्रकार कुठे दिसला, म्हणजे ठरलेल्या वेळेत राक्षसी बर्गर संपवला तर फुकट, तर घरातल्या जवान पोरांना आवरा. एवढं अन्न घाईनं गिळण्यात घशात अडकण्याची भीती असते.

पाणी मागताना "साधं पाणी" असं स्पष्ट म्हणा. एका ठिकाणी आम्ही नुसतं पाणी म्हटलं, चार बाटल्या उघडून ठेवल्या आणि त्यांचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले. नंतर कळलं की बसून खायच्या हॉटेलांना बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. तेव्हा भाव आधी विचारा.

खायचा कसा

बर्गर समोर आला की आधी वरून खुपसलेली काडी काढा. लाकडी किंवा बांबूची अणकुचीदार काडी थर पडू नयेत म्हणून लावलेली असते, आणि कधीकधी ती पूर्ण आत दबलेली असते. लेकरांच्या बर्गरमधली काडी मोठ्यांनी आपल्या हातानं काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. हे विसरू नका.

मग दोन मिनिटं थांबा. वितळलेलं चीज टाळूला चिकटतं आणि पोळतं.

आता तळवा बर्गरवर ठेवून हलकेच दाबा, पुरणपोळी थापताना देतो तेवढाच दाब. उंची कमी होते आणि थर एकमेकांना धरतात. कागदात गुंडाळलेला असेल तर सगळा कागद काढू नका, वरचा अर्धा उलगडा आणि खालचा तसाच राहू द्या. सॉस त्यात गळतो, हातावर नाही. धरताना दोन्ही हात. अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकीची बोटं वर. आपण एका हातानं, बोटांच्या टोकांनी घास करतो, इथे दोन्ही हात भरतात. डावा हात लावायचा नाही म्हणून आजी एका हातानं धरायला गेली आणि पॅटी मागच्या बाजूनं निसटून ताटात पडली. पडली तर पडली, उचलून पुन्हा आत ठेवा किंवा तशीच खा. आजूबाजूला पाहा, सगळ्यांचंच निसटतं. ज्यांना डावा हात नको वाटतो त्यांच्यासाठी चार तुकडे करून घ्यायचे, मग एका हातानं निवांत खाता येतं.

खालचा पाव रसानं भिजून फाटायला लागला तर बर्गर उलटा करून धरा. वरचा पाव जाड असतो, तो खाली आला की शेवटपर्यंत टिकतो. एकदा उचलल्यावर वारंवार खाली ठेवू नका, प्रत्येक वेळी तो थोडा अधिक सुटतो.

पहिला घास कडेचा, लहान. त्यात नुसता पाव आला तरी चालेल. दुसऱ्या घासाला मधलं सगळं मिळतं. आ वासून सगळे थर एकदम घेता येत नसतील तर वरचा पाव काढून बाजूला ठेवा आणि उरलेलं सुरी-काट्यानं खा. दात नसलेल्या आजीसाठी मी पॅटी बारीक कुस्करून मऊ पावासोबत दिली. ती म्हणाली, "हे त खिम्याच्या वडीसारखं लागते वं." आणि अर्धा बर्गर खाऊन उठली.

चिकनची पॅटी आत गुलाबी, कच्चट वाटली तर खाऊ नका, परत पाठवा. खिमा केल्यावर मांसाच्या वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून पॅटी आतपर्यंत शिजलेलीच हवी. अमेरिकेतल्या हॉटेलात 'किती शिजवू' असं विचारतात, काही लोक आतून लालसर मागतात. ती तिकडची गोमांसाची रीत, चिकनला ती लागू नाही.

फ्राइज गरम असेपर्यंत संपवा, थंड झाले की चामट होतात. कागदी रुमाल भरपूर मागा. लाजू नका, सगळे मागतात.

बिल आलं की

खाण्याच्या रकमेवर ५ टक्के जीएसटी असतो, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. हजार रुपयांचं खाल्लं तर पन्नास रुपये. त्याशिवाय 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ दिसली तर थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये सूचना काढल्या की हॉटेलनं हा आकार आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. "हा काढून टाका" एवढं शांतपणे म्हणायचं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पोरानं प्रेमानं वाढलं असेल तर त्याच्या हातात वीस-पन्नास रुपये जरूर ठेवा. बाबांनी आर्वीच्या पोराला शंभराची नोट दिली आणि गावाकडचं आमंत्रणही.

प्रत्येक ओळ वाचा. न मागवलेलं काही लागलं असेल तर सांगा, घाई करू नका.

घरी राहिलेल्यांसाठी

आपल्याला एकट्यानं खाल्लेलं गोड लागत नाही. घरी जनावरांसाठी थांबलेला काका असतो, नातवासाठी थांबलेली मोठी आई असते. त्यांच्यासाठी पार्सल घ्यावंसं वाटतं. मीही घेतलं होतं, एप्रिलात. नागपूरहून यवतमाळ, तिथून गाव, पोचेपर्यंत पाच तास झाले. काकानं रात्री खाल्लं आणि पहाटेपर्यंत उलट्या. त्यात दुकानाचा दोष नव्हता, ताजा बर्गर आम्ही तिथे खाल्ला होता आणि कुणाला काही झालं नाही. शिजवलेलं मांस आणि मेयोनीज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. आपल्या उन्हाळ्यात एक तासात गाडी बुटीबोरीच्या फार पुढे जात नाही.

तेव्हा बर्गर गावी नेऊ नका. काकाला पुढच्या खेपेला सोबत घ्या, जनावरं शेजाऱ्याकडे सोपवून. तोवर त्याच्यासाठी नागपुरातल्या बर्डीवरून संत्रा बर्फीचा डबा घ्या, ती प्रवासात टिकते. आणि गाडीत बसायच्या आधी तासभर पायी फिरा. बस्त्याचं उरलेलं काम त्याच वेळेत होतं.